करणं स्वस्त झालं, तपासणं महाग झालं: एआयच्या काळात आपलं काम कसं बदलेल?

एआयमुळे अमुक इतक्या नोकऱ्या जाणार, अशी बातमी दर थोड्या दिवसांनी येते. लगेच दुसरं कुणीतरी सांगतं की उलट नव्या नोकऱ्यांचा पूर येईल. वाचणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये म्हटलं की जगातल्या सुमारे ४० टक्के नोकऱ्यांवर एआयचा परिणाम होऊ शकतो. अनेकांनी ते '४० टक्के नोकऱ्या जाणार' असं वाचलं. प्रत्यक्षात एआयच्या मदतीने ज्यांचं काम अधिक सोपं आणि मोलाचं होईल, तेही त्या ४० टक्क्यांत धरलेले होते.

असे आकडे पाठ करण्यापेक्षा एआयने नेमकं काय स्वस्त केलं आणि काय महाग केलं, हे समजून घेणं जास्त उपयोगाचं आहे. ते कळलं की आपल्या कामाचं काय होईल याचा अंदाज आपला आपल्याला बांधता येतो. त्यासाठी आधी हे यंत्र चालतं कसं ते पाहू.

## उत्तर देताना ते नेमकं काय करतं?

'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव १९५६ च्या डार्टमथ परिषदेपासून रूढ झालं आणि त्यात बऱ्याच वेगवेगळ्या तंत्रांचा समावेश होतो. सध्या लोक ज्याला एआय म्हणतात ते बहुतेक वेळा भाषा मॉडेल असतं. प्रचंड मजकूर वाचून 'यापुढे काय येईल' याचा अंदाज बांधायला शिकलेली गणिती रचना, एवढाच त्याचा अर्थ.

जवळून पाहू. समजा वाक्य आहे: 'समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला...' मॉडेल या वाक्याचे तुकडे पाडतं. त्यांना टोकन म्हणतात. टोकन कधी अख्खा शब्द असतो, कधी अर्धा, कधी एखादंच अक्षर. मग पुढे येऊ शकणाऱ्या प्रत्येक टोकनची शक्यता काढली जाते. 'उकळतं'ला भरपूर, 'उकळू'ला त्याहून कमी, 'गोठतं'ला जवळपास शून्य. त्यातलं एक निवडून वाक्याला जोडलं जातं आणि वाढलेलं वाक्य घेऊन पुढच्या टोकनसाठी हाच हिशेब पुन्हा होतो. पानभर उत्तर म्हणजे हीच क्रिया शेकडो वेळा. निवडताना थोडा योगायोगही मुद्दाम ठेवलेला असतो, म्हणून तोच प्रश्न दोनदा विचारला की शब्द बदलतात.

हे अंदाज इतके अचूक कसे होतात? मॉडेलमध्ये अब्जावधी आकडे असतात. ओपनएआय कंपनीच्या २०२० च्या जीपीटी-३ या मॉडेलमध्ये ते १७५ अब्ज होते. प्रशिक्षणात मॉडेल अंदाज करतं, मूळ मजकुरात काय होतं ते पाहतं आणि त्या फरकानुसार हे आकडे किंचित हलवले जातात. असं करताना व्याकरण, तथ्यं, हिशेबाच्या रीती, युक्तिवादाची वळणं यांचे ठसे त्या आकड्यांत उमटतात. केवळ 'पुढचा शब्द' म्हणून याला हिणवणं मला पटत नाही. पुढचा शब्द चांगला ओळखायचा तर मागचा मजकूर बऱ्यापैकी उमगावा लागतोच. त्यानंतर माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्याला संवादाची शिस्त लावतात आणि आपल्यासमोर येतो तो चॅटबॉट.

या सगळ्यात 'हे खरं आहे का?' असं थांबून बघणारी वेगळी पायरी मुळात नाही. आता अनेक प्रणाली उत्तर देण्याआधी इंटरनेटवर शोधतात, आकडेमोडीसाठी प्रोग्राम चालवतात. त्याने चुका कमी होतात. संपत नाहीत, कारण सापडलेला मजकूर वाचून मांडणारं यंत्र तेच असतं.

## मग चुकीचं इतक्या ठामपणे का सांगतं?

ज्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तिथे हुशार विद्यार्थी एकही प्रश्न कोरा सोडत नाही. कोऱ्या जागेला शून्य ठरलेलं, लिहून पाहिलं तर कदाचित गुण मिळेल. मॉडेलांची गुणवत्ता मोजणाऱ्या बहुतेक चाचण्या अशाच आहेत: बरोबर उत्तराला गुण, चुकीला शून्य आणि 'माहीत नाही'लाही शून्य. या गुणांसाठी घडवलेलं मॉडेल अंदाज ठोकायला शिकतं. ओपनएआयच्या संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये याच कारणावर बोट ठेवलं.

म्हणून चुकांना एक ठरावीक जागा असते. ज्या गोष्टी हजारो ठिकाणी लिहिल्या गेल्या, त्या सहसा बरोबर येतात. ज्या एखाद-दोन ठिकाणीच आहेत, तिथे घसरण होते: कमी प्रसिद्ध व्यक्तीचं जन्मवर्ष, एखाद्या नियमाचं पोटकलम, शोधनिबंधाचा पान क्रमांक. वाक्याची सफाई मात्र दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे वाचून फरक कळत नाही.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटबॉटने सुचवलेले निवाडे सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड ठोठावला. या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. वकिलाने 'हे निवाडे खरे आहेत ना?' असं त्याच चॅटबॉटला विचारलं होतं आणि त्याने 'हो' म्हटलं होतं. ज्या यंत्रातून चूक निघाली त्यालाच विचारणं म्हणजे पडताळणी होत नाही.

## नोकरी जाते की नोकरीतलं एखादं काम?

जेफ्री हिंटन यांना न्यूरल नेटवर्कवरच्या, म्हणजे आजच्या एआयचा पाया असलेल्या गणिती जाळ्यांवरच्या कामासाठी २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. त्यांनीच २०१६ मध्ये सांगितलं होतं की नवे रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं थांबवायला हवं, कारण पाच वर्षांत मशीन प्रतिमा त्यांच्याहून चांगल्या वाचेल. प्रतिमा वाचणारी साधनं आली, चांगली आली, रुग्णालयांत वापरातही आहेत. रेडिओलॉजिस्टची गरज मात्र टिकून आहे आणि अनेक देशांत ते कमी पडतात. अंदाज का फसला? कारण फिल्म वाचणं हा त्या नोकरीचा एक भाग. कोणती तपासणी करायची हे ठरवणं, जुन्या अहवालांशी ताडून पाहणं, उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी चर्चा, सुईने नमुना काढणं, अहवालावर सही करून जबाबदारी घेणं हेही त्यातच येतं.

म्हणजे प्रत्येक नोकरी ही अनेक कामांची मोट असते आणि एआय त्यातली काही कामं उचलतं. कोणती, हे सहज दिसत नाही. ७५८ व्यवस्थापन सल्लागारांवर २०२३ मध्ये एक प्रयोग झाला. एआयला जमण्याजोग्या कामांत, ते वापरणाऱ्यांनी सुमारे १२ टक्के जास्त कामं पूर्ण केली आणि तीही सुमारे २५ टक्के लवकर. मग मुद्दाम असं काम दिलं की ज्यात आकड्यांसोबत मुलाखतींमधला बारकावा पकडावा लागतो. तिथे एआय न वापरणाऱ्यांपैकी सुमारे ८४ टक्के बरोबर उत्तरापर्यंत पोहोचले, वापरणाऱ्यांपैकी ६० ते ७० टक्के. दोन्ही कामं वरून सारखीच दिसत होती.

आपल्या कामाचा अंदाज घ्यायचा असेल तर 'हे एआयला जमेल का?' या प्रश्नावर अडून राहू नका. कच्चा मसुदा तर त्याला बहुतेक गोष्टींचा जमतो. खरा प्रश्न हा: जमलं आहे की नाही हे तपासायला किती कष्ट पडतात? शीर्षकाचे दहा पर्याय मागवले तर चांगलं कोणतं हे नजर टाकताच कळतं. तिथे एआय निखळ फायद्याचं. करारातल्या जोखमीची यादी मागवली तर ती पूर्ण आहे का हे कळायला अख्खा करार वाचावा लागतो. तिथे बचत जेवढी वाटते तेवढी होत नाही. चूक लगेच उघडी पडते की वर्षभराने, हेही बघावं. प्रोग्राम चालला नाही तर तिथेच दिसतं. चुकीच्या गृहीतकावर केलेलं अंदाजपत्रक मात्र वर्षाच्या अखेरीपर्यंत छान दिसत राहतं.

इथे आपल्या भावनेवर विसंबून चालत नाही. २०२५ च्या सुरुवातीला मेटर या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरना त्यांच्या सरावाच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली, काही एआयसह, काही त्याशिवाय. आपण २४ टक्के लवकर काम करू, असा त्यांचा होरा होता. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपला २० टक्के वेळ वाचला! साधनं त्यानंतर सुधारली आहेत. तरी वेळ वाचला असं वाटणं आणि वाचणं यांतलं हे अंतर ध्यानात ठेवावं. घड्याळ लावून दोन-चार कामं दोन्ही रीतींनी करून पाहिल्याशिवाय आपल्याबाबत काय खरं ते कळत नाही.

## 'मॉडेल सुधारली की हा प्रश्न आपोआप सुटेल ना?'

काही अंशी सुटेल. पण त्याच वेळी आपण त्याच्यावर जास्त लांबलचक कामं सोपवू लागलो आहोत. काम सांगितलं की स्वतःच पायऱ्या ठरवून, फाइली उघडून, ईमेल पाठवून ते तडीस नेणाऱ्या एआयला एजंट म्हणतात. समजा एजंटची प्रत्येक पायरी ९५ टक्के वेळा बरोबर येते आणि काम २० पायऱ्यांचं आहे. सगळ्या पायऱ्या बरोबर येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. अचूकता ९९ टक्क्यांवर नेली तरी ती ८२ टक्क्यांच्या आसपास राहते. वाटेत चूक लक्षात येऊन सुधारली गेली तर चित्र बरं होतं, म्हणून एजंटला काम देताना मध्येच थांबे ठेवावेत: पैसे जाण्याआधी, काही पुसलं जाण्याआधी, बाहेरच्या कुणाला संदेश जाण्याआधी माणसाची मंजुरी.

दुसरी अडचण माणसाची आहे. यंत्र दहातल्या तीन वेळा चुकत असेल तर आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. दोनशेत एकदा चुकू लागलं की नजर नुसती फिरते आणि नेमकी तीच चूक निसटते. विमानतळावर सामानाच्या एक्स-रे तपासणीत हा प्रश्न जुना आहे. तिथे पडद्यावर मधूनमधून शस्त्राच्या खोट्या प्रतिमा मुद्दाम मिसळतात आणि कर्मचाऱ्याने त्या पकडल्या का हे नोंदवतात. एआयचं काम तपासणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हा उपाय उचलावा, असं मला कळकळीने वाटतं. आठवड्याच्या गठ्ठ्यात तीन-चार ठरवून केलेल्या चुका घाला आणि किती पकडल्या जातात ते मोजा. निम्म्या निसटल्या तर 'माणसाने तपासलं आहे' या शेऱ्याला काही अर्थ उरत नाही.

## 'यंत्रं पूर्वीही आली, शेवटी कामं वाढलीच की'

हे खरं आहे आणि अर्धवट आहे. अमेरिकेत एटीएम आली तेव्हा शहरी बँक शाखेतले रोखपाल १९८८ ते २००४ दरम्यान सरासरी २० वरून १३ वर आले. पण शाखा चालवणं स्वस्त झाल्याने शहरांतल्या शाखा सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या आणि रोखपालांची एकूण संख्या घटली नाही. हे उदाहरण सगळे देतात.

टेलिफोन ऑपरेटरचं उदाहरण फारसं कुणी देत नाही. त्याच देशात १९२० ते १९४० च्या दरम्यान फोन आपोआप जोडून देणारी स्वयंचलित एक्स्चेंज आली आणि तरुण मुलींना रोजगार देणारं एक मोठं क्षेत्र आकसलं. पुढच्या पिढीतल्या मुलींना टायपिंगसारखी दुसरी कामं मिळाली. ज्या त्या वेळी खुर्चीवर बसलेल्या होत्या त्यांतल्या अनेकींना मात्र पुढे कमी पगाराचं काम धरावं लागलं किंवा नोकरीच सुटली. समाज सावरला, त्या सावरल्या नाहीत. 'शेवटी सगळं ठीक होतं' असं म्हणताना हा हिशेब दडपला जातो.

वेगाबद्दल विजेचा इतिहास बोलका आहे. एडिसनचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये १८८२ मध्ये सुरू झालं, पण कारखान्यांची उत्पादकता खरी वाढली ती १९२० च्या दशकात. सुरुवातीला कारखानदारांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली, बाकी मांडणी तीच. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर देऊन, कामाच्या क्रमाने कारखाना नव्याने मांडला तेव्हा फरक पडला. आज बहुतेक संस्था जुन्याच कामाला एआयची मोटर जोडत आहेत.

## तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

एक नेहमीचं काम घेऊ: ४० पानी अहवालाचा एक पानी सारांश.

आधी फाइल बघा. ती स्कॅन केलेली असेल तर अक्षरं ओळखतानाच आकडे बिघडतात आणि तक्त्यातले रकाने सरकतात. सारांश मागण्याआधी दोन तक्ते मूळ पानाशी ताडून घ्या. मग अहवाल आठ-दहा पानांच्या भागांत तोडून द्या, कारण लांब मजकुराच्या मधल्या भागाकडे मॉडेलचं दुर्लक्ष होण्याची शक्यता जास्त असते. मागणी करताना प्रत्येक विधानापुढे पान क्रमांक आणि आधाराचं मूळ वाक्य जसंच्या तसं मागा. ते वाक्य फाइलमध्ये शोधा. नेमकं सापडलं नाही तर ते विधान काढून टाका, वाद घालत बसू नका.

वाक्य सापडलं तरी अर्थ घसरलेला असू शकतो. मूळात 'शक्यता आहे' असतं, सारांशात 'होईल' होतं. एका गटापुरता निष्कर्ष सगळ्यांना लावला जातो. ५ टक्क्यांवरून १० टक्के झालं, तर ती वाढ पाच टक्क्यांची की दुप्पट, इथे गल्लत होते. लाख आणि दशलक्ष यांची अदलाबदल तर हमखास सापडते.

सगळ्यात अवघड असतं ते जे सारांशात आलंच नाही. अनुक्रमणिका समोर ठेवा आणि प्रत्येक प्रकरणातून किमान काय यायला हवं होतं ते बघा. तळटिपा, अपवाद आणि मर्यादांचा भाग स्वतः वाचा, कारण सारांशात तोच बहुधा गळतो. हे सगळं धरून वेळ मोजा. पूर्ण अहवाल वाचण्याइतकाच लागला तर त्या कामाला एआय वापरू नका. आणि दुसऱ्या कुणाची खासगी माहिती असलेली फाइल संस्थेच्या परवानगीशिवाय चॅटबॉटला देऊच नये.

हीच गोष्ट आवाज आणि चेहऱ्याला लागू होते. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर वरिष्ठांना पाहून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. कॉलवरचे वरिष्ठ एआयने तयार केलेले, बनावट होते. बोटं मोजून किंवा पापण्या बघून खोटं ओळखण्याचे सल्ले लवकर जुने होतात. टिकणारा उपाय साधा आहे: पैसे किंवा पासवर्ड मागणारा कॉल कुणाचाही असो, बंद करून आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर स्वतः फोन लावा.

## चूक झाली तर भरपाई कुणाची?

माणसाची किंवा संस्थेची. कॅनडातल्या एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा कंपनीचा दावा होता. २०२४ मध्ये लवादाने तो फेटाळून भरपाई द्यायला लावली. युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अंमलात आला. त्यात भरती, कर्ज अशा ठिकाणच्या जास्त जोखमीच्या प्रणालींवर माणसाची देखरेख बंधनकारक ठेवली आहे, आणि ही कलमं टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत.

## पुढचे तपासनीस येणार कुठून?

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. चांगलं तपासता येतं ते आधी शेकडो वेळा स्वतः केलेलं असतं म्हणून. आणि नवशिके ज्या साध्या कामांतून शिकतात, नेमकी तीच कामं एआय पहिल्यांदा उचलतं.

आजवरचे पुरावे दोन्ही बाजूंचे आहेत. ग्राहक सेवेतल्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात एआयची मदत मिळालेल्यांची उत्पादकता सरासरी सुमारे १५ टक्के वाढली. नवख्यांची ३० टक्के किंवा जास्त, मुरलेल्यांची जेमतेम. म्हणजे नवख्याला आधार मिळतो. पण आधार काढला तर? तुर्कस्तानात जवळपास हजार शाळकरी मुलांना गणिताच्या सरावाला चॅटबॉट दिला. सरावात गुण ४८ टक्के वाढले. मग चॅटबॉटशिवाय परीक्षा घेतली, तेव्हा ही मुलं चॅटबॉट न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीने तपासणी करणारे अनुभवी डॉक्टर एआयला सरावल्यानंतर, त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलं. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे सगळं खापर एआयवर फोडता येत नाही. तरी दुर्लक्ष करण्यासारखा तो नाही.

तुर्कस्तानच्याच प्रयोगात मुलांच्या आणखी एका गटाला वेगळा चॅटबॉट दिला होता. त्याला शिक्षकांनी प्रत्येक गणितातल्या नेहमीच्या चुका लिहून दिल्या होत्या आणि थेट उत्तर द्यायला मनाई होती, तो फक्त पुढची खूण दाखवायचा. या गटाचे सरावातले गुण १२७ टक्क्यांनी वाढले आणि परीक्षेतलं नुकसान जवळपास नाहीसं झालं.

कामाच्या ठिकाणी हे असं करता येईल: नव्या माणसाने मसुदा आधी स्वतः लिहायचा, मग तेच काम एआयकडून करून घ्यायचं, दोन्ही शेजारी ठेवून फरकांची यादी करायची आणि कोणत्या फरकात कोण बरोबर हे अनुभवी सहकाऱ्यासमोर बसून ठरवायचं. एका मसुद्यामागे अनुभवी माणसाचा अर्धा तास तरी जाईल. एआयमुळे वाचलेल्या तासांतून हा अर्धा तास संस्थेने आधीच बाजूला काढून कामाच्या वेळापत्रकात लिहून ठेवायला हवा, नाहीतर घाईच्या पहिल्याच आठवड्यात त्याच्यावर गदा येते.